गच्चीची किल्ली

जून लागला की आमच्या सोसायटीच्या फाटकाशी महापालिकेचे दोन कामगार येऊन उभे राहतात. खांद्याला पिशवी, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब दांड्याची पांढरी पळी. त्यांचा पहिला प्रश्न दरवर्षी ठरलेला: “काका, गच्चीची किल्ली कुणाकडे?” वॉचमन सेक्रेटरींकडे बोट दाखवतो, सेक्रेटरी खजिनदारांकडे पाठवतात आणि खजिनदार गावाला गेलेले असतात. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खुंटीवर किल्ली सापडते. तोवर अर्धा तास उलटलेला असतो.

यंदा मीही त्यांच्यामागून वर गेलो. टाकीच्या लोखंडी शिडीची एक पायरी गंजून गळालेली. झाकण होते, पण त्याचा एक कोपरा उडालेला आणि त्यावर कुणीतरी फरशीचा तुकडा ठेवून वेळ मारून नेलेली. कामगाराने झाकण सरकवले, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने तो वाकला आणि पळी तिरकी धरून हलकेच पाण्यात बुडवली. सावली पडली किंवा पाणी हिंदकळले की अळ्या झटकन तळाकडे जातात. मग त्या वर येईपर्यंत थांबावे लागते. पळीच्या पांढऱ्या बुडावर चार-पाच बारीक काड्या वळवळत होत्या. “हे बघा, आडवे पडलेत ना पाण्यावर? मलेरियाचे. डेंग्यूचे असते तर डोके खाली करून लटकले असते.”

त्याने सांगितले ते शंभर टक्के खरे. ॲनाफिलीस डासाच्या अळीला श्वासनळीची लांब शेपटी नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर पडून हवा घेते. एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्यांना ती नळी असते, म्हणून त्या तिरक्या लटकतात. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली शिकवतात ते हा माणूस भर उन्हात, तुटक्या शिडीवर उभा राहून साध्या डोळ्यांनी ओळखतो. आणि आपण त्याला अर्धा तास खाली उभा करतो.

साथीचे रोग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लस येते, रुग्णालय येते, फार तर धुराचे मशीन येते. पण डासांच्या रोगांचा एवढ्या वर्षांचा हिशेब मांडला तर लढाई बहुतेक वेळा एका फार साध्या वस्तूपाशी अडलेली दिसते. ती वस्तू म्हणजे पाण्याच्या भांड्याचे झाकण. मुंबईचा इतिहास याची चांगली साक्ष देतो.

रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला तो ऑगस्ट १८९७ मध्ये. हिवताप खराब हवेने होत नाही, डासाने होतो, याचा मोठा पुरावा त्यामुळे मिळाला. पण नेमक्या कोणत्या डासाने आणि तो डास वाढतो कुठे, हे प्रत्येक शहराला आपापले शोधणे भाग होते. मुंबईत पुढच्या दशकात आजच्या इंदिरा गोदीचे, म्हणजे तेव्हाच्या अलेक्झांड्रा गोदीचे, प्रचंड बांधकाम चालले होते आणि शहरात तापाने माणसे हैराण झाली होती. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९०९ पासून शहराची पाहणी केली. त्या काळी पाहणीचे एक हुकमी साधन होते. मुलांची पोटे चाचपायची आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का ते पाहायचे. पुन्हा पुन्हा हिवताप आलेल्या मुलाची पाणथरी बरगडीखाली हाताला लागते. ज्या वस्तीत अशी मुले जास्त, तिथे हिवताप जास्त.

१९११ साली बेंटलींचा अहवाल आला. तोवर लोकांची समजूत अशी की डास म्हणजे गटार, चिखल, दलदल. बेंटलींनी बोट दाखवले ते स्वच्छ पाण्याकडे. मुंबईतला हिवताप पसरवणारा डास ॲनाफिलीस स्टिफेन्सी. तो गटाराच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला लागते निवळशंख, साठवलेले, सावलीतले पाणी: घरोघरच्या विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, हौद, कारंजी. शहराला विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० मध्ये मिळाले होते, तानसाचे १८९२ मध्ये. पाणी नळाने येऊ लागले, तरी विहिरी तशाच उघड्या राहिल्या. माणसाची गरज संपली होती, डासाची सोय मात्र कायम होती.

बेंटलींची शिफारस सरळ होती: विहिरी बुजवा. इथे विज्ञान संपले आणि खरे काम सुरू झाले. मुंबईची विहीर ही केवळ पाण्याची जागा नव्हती. पारशी कुटुंबे विहिरीपाशी दिवा लावत, हिंदू घरांत विहिरीची पूजा होई, देवाला नळाचे पाणी चालत नाही असे मानणारे कितीतरी. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ पासूनची, आजही पारशी समाज तिच्यापाशी प्रार्थनेला येतो. अशा विहिरी बुजवण्याची नोटीस आली तेव्हा अर्ज, विनंत्या, निषेध यांचा पाऊस पडला. या वादाच्या काळात महापालिकेत असलेले आणि पुढे मुंबईचे आयुक्त झालेले रुस्तम मसानी यांनी १९१८ मध्ये विहिरींविषयीच्या लोकसमजुतींवर एक आख्खे इंग्रजी पुस्तक लिहिले. पालिकेच्या माणसाला नोटिसा काढता काढता लोकांच्या मनातली विहीरही समजून घ्यावीशी वाटली, हे मला त्या साऱ्या प्रकरणातले सर्वात शहाणपणाचे पान वाटते.

शेवटी मधला मार्ग निघाला. जिथे श्रद्धा आडवी येते तिथे विहीर बुजवायची नाही, वरून पक्की झाकायची. पाणी काढायला बारीक जाळीची झडप ठेवायची. डासाला आत जाता येऊ नये आणि माणसाला पाणी मिळावे, इतकाच प्रश्न होता, आणि तो एका झाकणाने सुटत होता. टाक्यांनाही तोच नियम लागला. पण झाकण एकदा बसवून भागत नाही, ते रोज बसलेले असावे लागते. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईची पुन्हा पाहणी केली तेव्हा आरोपी तोच निघाला, स्टिफेन्सी, आणि ठिकाणेही तीच, विहिरी आणि टाक्या.

मग आले डीडीटी. १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि कारवारकडच्या गावांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा मोठा प्रयोग केला. चावून झाल्यावर डास भिंतीवर विसावतो आणि तिथेच मरतो, अशी ती युक्ती. निकाल इतका डोळ्यांत भरणारा होता की १९५३ मध्ये देशभर हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे नाव बदलून थेट ‘निर्मूलन’ ठेवले गेले. कार्यक्रमाआधी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. १९६५ पर्यंत हा आकडा एक लाखाच्या घरात आला. जुन्या पिढीतल्या लोकांना ते दिवस आठवत असतील. दर पंधरवड्याला मलेरियावाला दारात येई, “घरात कुणाला ताप?” विचारी, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकून पुढच्या घरी जाई.

जिंकलोच, असे वाटले आणि हात सैल पडले. डास डीडीटीला पचवायला शिकले, फवारणी अनियमित झाली, काचपट्ट्या तपासायला वेळ लागू लागला. शिवाय या मोहिमेचा भर खेड्यांवर होता. शहरांतला डास पालिकांनी पाहून घ्यावा असे गृहीत धरले होते, आणि बऱ्याच पालिकांनी तो पाहिला नव्हता. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. त्याआधी १९७१ मध्ये शहरांसाठी वेगळी नागरी हिवताप योजना आणावी लागली होती. तिचा मुख्य मंत्र कोणता? फवारणी नव्हे, पाणसाठ्यातल्या अळ्या मारा, भांडी झाका. म्हणजे फिरून बेंटलींच्या विहिरीपाशीच आलो.

अळीवर एवढा भर का, हे डासाचे वेळापत्रक पाहिले की कळते. उबदार हवेत अंड्यातून एक-दोन दिवसांत अळी निघते, पाच-सात दिवस वाढते, मग स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष होते आणि दोन दिवसांत त्यातून डास उडतो. सारे मिळून आठ-दहा दिवस. या दिवसांत तो एका भांड्यात कोंडलेला असतो. भांडे उपडे केले की शेकडो डास एका फटक्यात संपतात. एकदा उडाला की तो कुठे शोधायचा? आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते कानीकपाळी ओरडते, ते याच गणिताने. दर सात दिवसांनी भांडे कोरडे झाले तर आतली कुठलीच पिढी पंखांपर्यंत पोचत नाही.

डेंग्यूचा एडिस आणखी चलाख. तो दिवसा चावतो आणि अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या कडेला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि भांड्यात पुन्हा पाणी आले की फुटतात. म्हणून पिंप नुसते ओतून भागत नाही, आतून काथ्याने खरवडून घासावे लागते. एडिसची झेपही लहान. जन्मला त्या भांड्यापासून तो साधारणपणे शंभर-दोनशे मीटरच्या आतच घुटमळतो. शेजाऱ्याच्या गटारावर राग काढण्याआधी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. डेंग्यूचा डास बहुधा आपल्याच इमारतीत जन्मलेला असतो: फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, मनीप्लँटच्या बाटलीत, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवर टाकलेल्या टायरमध्ये किंवा गळके छप्पर झाकणाऱ्या ताडपत्रीच्या घडीत. डेंग्यूच्या विषाणूला मारणारे औषध नाही. तेव्हा भांडे हाच उपचार.

आरोग्य कर्मचारी वस्तीची तब्येत मोजतात तीही भांड्यांवरूनच. समजा शंभर घरे तपासली, त्यातल्या आठ घरांत अळ्या सापडल्या, आणि अळ्या असलेली भांडी निघाली बारा. मग घर निर्देशांक आठ आणि ब्रेटो निर्देशांक बारा. हे आकडे चढू लागले की ताप येण्याच्या आधीच धोका ओळखता येतो. गावात आशा ताई आणि आरोग्य सेवक रांजणांत टॉर्च मारून फिरतात ते त्यासाठी. जे भांडे रिकामे करता येत नाही, त्यात अळ्या मारणाऱ्या ॲबेट या औषधाचे थेंब टाकतात. मोठ्या हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडतात. करंगळीच्या पेराएवढा हा मासा, पण अळ्या दिसल्या की तुटून पडतो आणि वीज, पगार, रजा काही मागत नाही.

पालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या हाती कायद्याचा दंडुकाही आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३८१ ब या कलमाखाली, आपल्या जागेत डासांची पैदास होऊ देणाऱ्याला नोटीस बजावता येते आणि पुढे दंड होतो. पण नोटीस काढायला आधी अळी सापडावी लागते, अळी सापडायला टाकी उघडावी लागते, आणि टाकी उघडायला किल्ली लागते.

२०१० मध्ये मुंबईला ही साखळी तुटली की काय होते, ते दिसले. त्या वर्षी शहरात हिवतापाचे ७६ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, १४५ माणसे दगावली. त्यानंतर जे झाले त्यात चमत्कार काही नव्हता. बांधकामांवर लक्ष, टाक्यांची तपासणी, झोपडपट्ट्यांतून तापाच्या रुग्णांचा शोध, खाजगी डॉक्टरांकडून नोंदी आणि पूर्ण उपचारांचा आग्रह. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. मुंबईत जास्त आढळणाऱ्या व्हायवॅक्स हिवतापाचे काही परोपजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होतात. त्यांच्यासाठी डॉक्टर प्रायमाक्वीनच्या गोळ्या देतात, बहुधा चौदा दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि माणूस चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात टाकतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच्याच अंगातून डासाला नवे भांडवल मिळते. म्हणजे झाकण टाकीवर हवे, तसे उपचारावरही. पुढच्या काही वर्षांत शहराचा आकडा दहा हजारांच्या खाली आला आणि मृत्यू बोटांवर मोजण्याइतके राहिले.

आता धुराविषयी. वस्तीत दोघांना डेंग्यू झाला की लोक नगरसेवकाला फोन करतात: “साहेब, धूर मारायला पाठवा.” संध्याकाळी मशीन घरघरत येते, पोरे मागून धावतात, गल्ली पांढरी होते, सगळ्यांना काहीतरी झाल्यासारखे वाटते. धुराने त्या घटकेला उडत असलेले डास मरतात. कपाटामागे बसलेला वाचतो, आणि पिंपातल्या अळीला तर त्याचा पत्ताही लागत नाही. साथ भडकलेली असताना, रुग्णाच्या घराभोवती, धुराचा उपयोग आहे. रोजचा उपाय म्हणून धूर मारणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. पण धूर दिसतो, फोटोत येतो. झाकलेली टाकी कुणाला दिसत नाही. न झालेल्या साथीचा सत्कार कुणी करत नाही.

आणि झाकणाचा सगळा भार माणसांवर टाकणेही बरोबर नाही. ज्या शहरात नळाला आठ दिवसांनी पाणी येते तिथल्या बाईला “पिंपे रिकामी करा” हे सांगायचे कोणत्या तोंडाने? मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पाणी म्हणजे दारातली निळी प्लास्टिकची पिंपे, आणि ती ओतणे म्हणजे आठवड्याचे पाणी ओतणे. डासाला लागतात आठ-दहा दिवस, नळाला लागतात आठ. दोघांचे वेळापत्रक जमले की डेंग्यू आलाच. तिथे घट्ट झाकण, वर बांधलेले फडके आणि ॲबेट हेच करता येते. पण खरा उपाय आरोग्य खात्याकडे नाही, पाणीपुरवठा खात्याकडे आहे.

रोगाशी लढाई स्थानिक पातळीवर लढावी लागते असे म्हणतात, त्यातल्या ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ इथे लागतो. गडचिरोलीच्या जंगलात हिवताप आहे, पण तिथला डास झऱ्यांत आणि शेतातल्या पाण्यात वाढतो. झऱ्याला झाकण कसे घालणार? तिथे औषध भिनवलेल्या मच्छरदाण्या वाटाव्या लागतात, पाड्यावरच रक्त तपासून गोळ्या द्याव्या लागतात. पणजीत १९८६ च्या सुमारास हिवतापाने डोके वर काढले ते बांधकामांतून: स्लॅबवर साचवलेले पाणी, विटांच्या टाक्या आणि बाहेरगावहून आलेले मजूर, ज्यांच्या रक्तात परोपजीवी आधीच होता. गोव्याने मजुरांना रक्त तपासून आरोग्य कार्ड देणे सुरू केले, स्लॅबवरच्या पाण्यात अळ्या मारणारे जिवाणू आणि विहिरींत स्थानिक मासे सोडले. मुंबई, गडचिरोली, पणजी: तिन्ही ठिकाणी रोग एकच, आणि तिन्ही ठिकाणचा उपाय वेगळा. दिल्लीतून किंवा जिनिव्हातून आकडा ठरतो. भांडे मात्र गल्लीतच सापडते.

मुंबईकरांचा हा जुना ओळखीचा स्टिफेन्सी आता परदेशी गेला आहे. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूती शहरात सापडला. त्या वर्षी त्या छोट्या देशात हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले होते; २०२० मध्ये ७३ हजारांवर झाले. मग तो इथिओपियात, सुदानात पोचला. आफ्रिकेतला नेहमीचा हिवताप खेड्यांचा, पावसाच्या डबक्यांचा. शहरातल्या टाकीत वाढणारा डास त्यांना नवा आहे. जे मुंबईने १९११ मध्ये वाचले ते तिथल्या नगरपालिका आज नव्याने वाचत आहेत.

भारताने २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करायचे ठरवले आहे. ते ठरवणे दिल्लीच्या हाती आहे. आमच्या टाकीचे झाकण मात्र दिल्ली बसवणार नव्हती. त्या दिवशी कामगाराने पळीतल्या अळ्या दाखवल्यावर सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी नवे झाकण बसवले, शिडीला वेल्डिंग करून घेतले आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी बांधली. खर्च एका कुटुंबाच्या डेंग्यूच्या बिलापेक्षा पुष्कळच कमी आला.

आता एवढेच करा. या रविवारी आपल्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कुठे आहे ते शोधा, वर जा, टाकीचे झाकण हाताने हलवून पाहा. खाली आलात की किल्लीची एक जोड वॉचमनच्या खोलीत, सहज दिसेल अशा खिळ्याला अडकवून ठेवा. पळीवाला माणूस येईल तेव्हा त्याला खाली उभे राहावे लागू नये.